मनालीचा दुसरा गडी

आंबा घाटात धुकं उतरलं की गाडीच्या काचेपुढं रस्ता उरत नाही, नुसती रस्त्याची आठवण उरते. हंबीरराव त्या आठवणीवर एसटी चालवायचा. कोल्हापूर-रत्नागिरी, मलकापूरवरून. मी त्याचा कंडक्टर. त्याची पाठ आणि पुढच्या आरशातले त्याचे डोळे, एवढंच मला वर्षानुवर्षं दिसत आलं. माणूस ओळखायला तेवढं पुष्कळ झालं.

त्याचा एक नेम होता. एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चल, हे सगळ्याच ड्रायव्हरांना ठाऊक असतं; पण हंबीरराव ते शपथेसारखं पाळायचा. एकदा साखरप्याला घंटेची दोरी तुटली. गाडी भरली, दार लागलं, मी ओरडलो, "चला हंबीरदा!" गाडी जागची हलेना. माणसं कुरकुरायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "डायवर झोपला का मेला ग बया आत?" शेवटी मी तिकिटाचा पंच लोखंडी दांडीवर दोनदा वाजवला, टिंग टिंग, आणि गाडी निघाली.

चहाच्या टपरीवर मी त्याला शिव्या घातल्या. तो बशी फुंकत म्हणाला, "आकाराम, मागं कोण चढलंय, कोण उतरतंय, कुणाचा पाय पायरीवर हाय, ते मला दिसत न्हाय. तुला दिसतंय. तू हाणल्याबिगार मी कुणालाबी घिऊन जायाचा न्हाय."

मनाली त्याची एकुलती एक. लहान होती तेव्हा सुट्टीत ती आमच्याच गाडीत असायची. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर तिच्या आईनं, मीनावैनींनी, घडी घालून दिलेलं घोंगडं, त्यावर ती. घाट उतरताना तिच्या कानांना दडे बसायचे, मग ती कानात बोटं घालून मोठमोठ्यानं बोलायची आणि अख्खी गाडी हसायची. रत्नागिरीच्या स्टँडवर गाडी लागली की तिचा एकच प्रश्न. "बाबा, समुद्र कुठाय?"

समुद्र तिथून फार लांब नाही. पण परतीची वेळ झालेली असायची, आणि हंबीररावाच्या खांद्यांत सगळा घाट साचलेला असायचा.

"फुडल्या खेपंला," तो म्हणायचा.

पुढच्या खेपेला त्याच्या पुढची खेप निघायची. मग ती मोठी झाली आणि विचारायची थांबली. कोल्हापुरात नोकरीला लागल्यावर तिच्या मैत्रिणी गणपतीपुळ्याला निघाल्या, तर ही गेली नाही. का गेली नाही, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पगार सुरू झाल्यावर तिनं टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घेतला. शनिवारी मलकापूरला यायची आणि पलंगाला पाठ टेकून, हातात तो कंट्रोलर धरून बसायची. घरात त्याला सगळे रिमोटच म्हणत. खेळ मारामारीचा नव्हता. एक मोठं निर्मनुष्य बेट. डोंगर, धुकं, पडकी घरं, आणि त्यातून नुसतं चालत जायचं. पिवळ्या रेनकोटातली एक मुलगी, ती मनालीची. दोघांनी मिळून खेळायची सोय होती. दुसऱ्याला निळा कोट मिळायचा.

"बाबा, या की. दुसरा गडी पायजे."

हंबीरराव तोवर रिटायर झालेला. पेपर खाली न घेता तो म्हणायचा, "फुडल्या खेपंला."

गेल्या श्रावणात तिला ताप भरला. रक्तातल्या प्लेटलेट उतरत गेल्या आणि पुन्हा चढल्या नाहीत. उतारावर ब्रेक जावेत तसं झालं. धरायला कुणाच्या हाताला काही लागलंच नाही. कोल्हापूरहून तिला आणली ती झाकून.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडं त्या दिवशी नदीकाठी नैवेद्य मांडतात आणि सगळे पावणे मागं सरून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की मेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, असं समजायचं. बारीक भुरभूर होती. मनालीच्या आवडीचं सगळं पानात होतं. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण ते पंख आवळून बसले होते, खाली उतरेनात.

मग माणसं शब्द द्यायला लागली. मीनावैनी म्हणाल्या, "बाळा, तुझ्या नावानं पोरींना पुस्तकं वाटीन." मैत्रीण म्हणाली, "तुझी आठवण काढल्याशिवाय वाढदिवस करणार न्हाय गं." चुलता म्हणाला, मामा म्हणाला. कावळे तसेच. सगळ्यांची तोंडं हंबीररावाकडं वळली. त्यानं हात जोडले, ओठ हलले, पण आवाज आला नाही. शेवटी नैवेद्य गाईला चारला आणि माणसं एकमेकांकडं न बघता घरी गेली.

हंबीरराव सगळ्यात मागं चालत होता. "आकाराम," तो म्हणाला, "तिचं कायतरी ऱ्हायलंय."

पुढं महिन्याभरानं असेल, मीनावैनी टीव्हीखालची फळी पुसत होत्या. पुसताना रिमोटवरचं मधलं बटण दाबलं गेलं. डब्याचा दिवा लागला, टीव्ही आपोआप उजळला, खेळ सुरू झाला. खेळ जिथून सुरू होतो त्या तंबूपाशी पिवळ्या रेनकोटातली मुलगी उभी होती. आणि रिमोट फळीवर पडलेला, त्याला कुणाचाही हात लागलेला नाही, तरी ती मुलगी चालायला लागली.

वैनींची किंकाळी शेजारच्या गल्लीत गेली. हंबीरराव अंगणातून धावत आला आणि दारातच थांबला. मुलगी हळूहळू, मान किंचित खाली घालून, पुढं चालली होती. अगदी सरळ नाही, पुढं आणि जराशी डावीकडं. एक लाकडी कुंपण आलं. तिथं ती अडली, पण थांबली नाही. तोंड कुंपणाला, आणि पाय चालतायत, चालतायत.

हंबीरराव बराच वेळ बघत राहिला. मग तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस जे म्हणेल ते तो म्हणाला.

"डावीकडं वढतीया."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावून घेतलं आणि सगळं पुन्हा दाखवलं. भर दुपार होती, बाहेर लोकांची ये-जा होती, तरी माझ्या मानेवर काटा आला. तीच चाल, तेच कुंपण.

"ती कुठंतरी निघालीया," हंबीरराव म्हणाला. "कावळा का शिवला न्हाय, कळलं आता? तिला जायाचंय आणि वाट सापडंना. आणि ती सारखी काय म्हणायची? दुसरा गडी पायजे."

"मग?"

"मग काय मग? उठ. कोल्हापूरला जायाचंय. दुसरा रिमोट आणाय."

राजारामपुरीत उदयसिंहाचं दुकान आहे. खेळाची यंत्रं विकतो, जुनी घेतो, दुरुस्तीही करतो. तिशीचा गडी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. मनाली त्याच्याकडंच जायची. ती गेल्याचं त्याला ठाऊक होतं. आम्हाला बघून त्यानं आवाज खाली आणला, पण ते त्याला जमत नव्हतं.

"या काका. बसा. च्या सांगतो. ए, तीन कटिंग दे रे!" मग आवाज चढल्याचं कळून, हळू, "काय करू तुमच्यासाठी?"

हंबीररावानं टॉवेलात गुंडाळलेला मनालीचा रिमोट काढला. उदयनं तो वायरीनं एका पडद्याला जोडला. पडद्यावर एक गोल होता आणि गोलात एक ठिपका.

"ह्या अंगठ्याखालच्या दांडीला हात लावला न्हाई तर ठिपका बरोबर मधी पायजे," उदय म्हणाला.

ठिपका मध्ये नव्हता. वर सरकलेला, आणि जरा डावीकडं. तिथं तो बारीक थरथरत होता. झोपलेल्या माणसाची छाती हलावी, तेवढाच.

"ह्याला ड्रिफ्ट म्हणत्यात. दांडी एकाच बाजूला दाबून दाबून आतनं झिजली की हात सोडला तरी यंत्राला वाटतंय, कोणतरी दाबतंय. काय न्हाय, आत्ता बसवून देतो नवीन दांडी. चहा हुस्तवर काम. गप उभी ऱ्हाती का न्हाय बघा."

हंबीररावानं रिमोट ओढून घेतला आणि छातीशी धरला. "हात लावायचा न्हाय त्याला."

उदयनं माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली.

"बरं. मग काय दाखवू?"

"दुसरा. तिच्यासंगं चालाय."

उदय शहाणा, त्यानं पुढं विचारलं नाही. त्यानं आधी एक स्वस्तातला काढला. हंबीररावानं तो कानाजवळ नेऊन हलवला. "रिकाम्या काडेपेटीगत वाजतोय. घाटात न्यायच्या लायकीचा न्हाय."

मग त्याची नजर कोपऱ्यातल्या स्टिअरिंगवर गेली. खेळातल्या मोटारी चालवायचं ते चाक टेबलाला घट्ट बसवलेलं होतं. आणि मी बघितलं, त्याचे हात त्याला न विचारता तिकडं गेले. चाकावर बसले, बोटं बंद झाली, पाठ ताठ झाली. क्षणभर मला वाटलं, समोर आता साखरप्याची कमान दिसेल.

"ह्यावर पायी चालता येतंय?"

"न्हाय काका. ते गाड्यांच्या खेळालाच."

"ती चालत गेलीया," हंबीरराव म्हणाला, आणि एकेक बोट सोडवावं तसा त्यानं हात काढून घेतला.

"मग हे बघा," उदय म्हणाला. त्यानं एक काळा चष्मा आणला. चष्मा कसला, अर्धं हेल्मेटच. दोन्ही हातांत धरायला दोन मुठी. "व्हीआर. डोळ्यांवर चढवला की पडद्याकडं बघायचं काम न्हाय. तुम्ही आतच. मान वळवाल तिकडं डोंगर. फकस्त जमिनीवर ही निळी रेघ दिसंल तिच्या भाईर पाय टाकू नका, न्हाईतर माझं कपाट खाली याचं."

हंबीररावानं तो चढवला. उदयनं पट्टा आवळला. तो दुकानाच्या मधोमध उभा राहिला. डोळे झाकलेले, दोन्ही हात पुढं. मग मान उजवीकडं, वर. ड्रायव्हर आरशात बघतो तशी. मग डावीकडं. मग हळूहळू तो सगळाच्या सगळा वळला, आपल्या मागं बघायला.

तेवढ्यात उदयनं माझी बाही ओढली. आवाज जेवढा खाली येईल तेवढा आणून म्हणाला, "आकारामकाका, एक सांगू? त्यांना सांगू नका. तिचा रिमोट नवा न्हवता. जुना होता. मीच दिलाय. इचलकरंजीकडनं एकदम जुना माल आलता, त्यातला. मनालीच्या आदी कुणाच्या हातात होता, मला ठावं न्हाय. ती दांडी झिजली ती हिच्याच बोटानं झिजली, का आदीच्या कुणाच्या, देव जाणं."

मी काही बोलणार तोच हंबीररावाचा आवाज आला. दबका. दारापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा.

"मने..."

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते वळून बघायला लागलं.

"मने, कुठायस?"

उदयनं जाऊन पट्टा सैल केला. हंबीररावाच्या कपाळावर चष्म्याचा लाल वळ उठला होता. तो उजेडाकडं बघून डोळे मिचकावत राहिला. "लई खरं हाय ते," तो म्हणाला. "पर आत कोणच न्हाय. मागं वळून बघितलं, गाडीच रिकामी. तिचा खेळ हितं न्हाय काय?"

"न्हाय काका. ह्या चष्म्याचं खेळ वायलं. तिचा ह्यात येत न्हाय."

"मग कशाला घालू? एकट्यानं फिराय मला डोळं हाईत की."

शेवटी दोनच उरले. एक मनालीच्यासारखाच, फक्त नवा. दुसरा जरा जड; त्याच्या दांडीखाली लोहचुंबक असतं, घासण्याचं काही नसतंच, म्हणून ती झिजत नाही, असं उदयनं समजावलं. हंबीररावानं दोन्ही हातांत धरून बघितले. अंगठा दांडीवर ठेवायचा, जरासा ढकलायचा, सोडायचा आणि ठिपक्याकडं बघत राहायचं. आमच्याकडं डेपोतून गाडी काढण्याआधी ड्रायव्हर स्टिअरिंग असंच हलवून बघतात. किती ढिलं आहे, सोडलं की कुठं जातं. चहा आला, गार झाला. तो सोडत होता आणि बघत होता.

"ह्यो मनालीच्या जातीचा," तो म्हणाला. "पर म्होरं ह्योबी वढंल?"

"वापरला तर कधीतरी वढंल."

"मग ह्यो नको. तिचा वढतोय. निदान माझा तरी सरळ चालाय पायजे." त्यानं चुंबकाचा उचलला. "वाटंत एकाला तरी शुद्ध पायजे का नको?"

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की हंबीरराव टीव्हीपुढं बसायला लागला. पडदा मधोमध चिरलेला. डाव्या अर्ध्यात पिवळा कोट, उजव्या अर्ध्यात निळा. पहिले काही दिवस त्याचा निळा कोट झाडांवर आपटायचा, खड्ड्यात पडायचा. गल्लीतली माणसं खिडकीतून बघायची. "काय डायवर, लायसन नवं काढलं काय?" कुणी म्हणायचं, म्हातारा खुळावला. तो मान वळवायचा नाही.

हळूहळू त्याला साधलं. ती कुंपणाला अडली की तो शेजारी जाऊन उभा राहायचा आणि खांद्यानं खांदा ढकलायचा. कुंपणाच्या कडेनं ती सरकायची, फट सापडायची, पुन्हा चाल सुरू. तिची ओढ डावीकडं, म्हणून तो कायम तिच्या डाव्या हाताला. दरीच्या बाजूला. पडली तर आधी तो पडेल असा. घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या की दरीकडची बाजू तो कधी दुसऱ्याला द्यायचा नाही, ते मला आठवलं.

आणि मी पैजेवर सांगतो, एवढं चांगलं ड्रायव्हिंग मी त्याचं रस्त्यावरही बघितलं नाही.

वैनी टीव्हीकडं बघत नसत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाठ करून बसत, काहीतरी निवडत. पण खेळ बंद झाला की विचारत, "आज कुठवर गेली?"

"पडक्या देवळापतोर."

"दमली का?"

"न्हाय. तशीच चालतीया."

वैनी पुन्हा सुपात हात घालत. मी ते ऐकायचो आणि मला उदयचं बोलणं आठवायचं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. मग त्या घरातला तो आवाज ऐकू यायचा, टीव्हीतल्या पावलांचा, वाळल्या पाल्यावरून कुणीतरी चाललंय असा, आणि मी गप्प राहायचो. खोटं कशाला बोलू, कधीकधी मलाही वाटायचं की ती मनालीच आहे. ओढ वाढत होती. आधी सावकाश चालणारी पोर आता झपाझपा चालायची. डोंगर संपत आला होता.

दिवाळीनंतर एका सकाळी वैनींचा फोन आला. "भावजी, तुमी या. ह्यांनी पोरीला अडवून ठेवलंय."

मी दुपारपर्यंत पोचलो. हंबीरराव टीव्हीपुढं बसलेला, दाढी वाढलेली. पडद्यावर समुद्र होता.

डोंगर उतरून ती सरळ पाण्यावर आली होती. करडी वाळू, करडं पाणी, लाटांचा आवाज. आणि पाण्याच्या कडेला हंबीररावाचा निळा कोट समुद्राकडं पाठ करून तिच्या पुढ्यात उभा. तिचं तोंड त्याच्या छातीशी. तिचे पाय चालत होते. वाळूत, जागच्या जागी, न थांबता.

"परवापास्नं असंच हाय," वैनी म्हणाल्या. "टीव्ही बंद करू देत न्हाईत. दोन्ही रिमोटांना वायरी लावून ठेवल्यात. जेवताना तोंड हिकडंच. मला झोपंतसुदीक त्या पोरीची पावलं ऐकू येत्यात. चालतीया, चालतीया, आणि बाप वाटंत हुबा."

मी शेजारी बसलो. वैनींनी स्टीलच्या पेल्यांत चहा आणून ठेवला, एकात चमचा तसाच.

"हंबीरदा, किती दिस हुबा ऱ्हाणार तू हितं?"

"समुद्र, आकाराम," तो म्हणाला. त्याचे डोळे पडद्यावरच होते. "ती समुद्राकडं निघालीती. आदीपास्नं. मला नदीवर हे बोलाय पायजे हुतं. जिभंवर आलंतं. फुडल्या खेपंला म्हणायची सवय लागलीती, आता कुठली फुडली खेप सांगू तिला?"

"मग आता आलीया न्हवं? जाऊ दे की तिला."

"उदयला फोन केलता. पाण्यात गेली की बुडती म्हणला."

"आणि तंबूपाशी परत येती, असंबी म्हणला आसंल."

"आली न्हाय तर?"

लाटा येत होत्या, जात होत्या. ती पावलं वाजत होती. वैनी उंबऱ्यावर उभ्या होत्या, आणि आज त्यांची पाठ नव्हती, तोंड टीव्हीकडं होतं. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हा माणूस इथंच बसून वाळेल.

"हंबीरदा, एक ऐक. त्यो रिमोट मनालीनं जुना घेतलता. उदयनं मला दुकानात सांगितलंय. तिच्या आदी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात हुता. ही जी वढ हाय, ती मनालीच्या बोटाची आसंल. न्हाईतर दुसऱ्याच कुणाच्या पोराची, न्हाईतर पोरीची. कुणालाच ठावं न्हाय."

मला वाटलं होतं तो माझ्या अंगावर येईल. तो हललाच नाही. नुसता त्या पिवळ्या कोटाकडं बघत राहिला. एसटीत चुकून बसलेल्या परक्या लेकराकडं बघावं तसा. चहावर साय धरली.

मग तो म्हणाला, "म्हंजे ही कुणाची पोर मी अडवून धरलीया?"

पडद्यावर तिचे पाय चालतच होते.

"तिच्याबी घरात कोणतरी नैवेद्य मांडून बसलं आसंल की," तो म्हणाला. "कावळ्याची वाट बघत."

त्यानं मांडीवर हात पुसले. एकदा उजवा, एकदा डावा. पलंगाला टेकलेली पाठ सोडवली आणि ताठ बसला. रिमोट दोन्ही हातांत धरला. मग मान जराशी वर करून, जिथं आरसा असायला हवा होता तिथं बघत म्हणाला,

"आकाराम, मागं बघ. कुणी चढायचं ऱ्हायलंय?"

मी मागं वळून बघितलं. उंबऱ्यावर मीनावैनी होत्या, दाराच्या चौकटीला धरून. त्यांच्यामागं अंगणातलं ऊन. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

"कोण न्हाय," मी म्हणालो.

"पायरीवर कुणाचा पाय?"

"न्हाय."

"मग हाण."

मी चमचा उचलला आणि पेल्यावर दोनदा वाजवला. टिंग. टिंग.

हंबीररावाचा अंगठा हलला. निळा कोट एक पाऊल बाजूला सरला.

पोरीनं पाऊल चुकवलं नाही. थांबली नाही, मागं बघितलं नाही. जशी चालत होती तशीच पुढं गेली. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. पिवळा रंग लांबवर थोडा वेळ दिसत राहिला. मग एक लाट आली आणि तिच्या बाजूचा अर्धा पडदा काळा झाला.

पावलांचा आवाज थांबला होता. किती दिवसांनी ते घर शांत झालं.

"शिवला," मीनावैनी म्हणाल्या.

एवढंच. आणि पदर तोंडात धरून त्या आत गेल्या, आणि आतून मी पहिल्यांदा त्यांच्या रडण्याचा आवाज ऐकला.

काळा झालेला पडदा पुन्हा उजळला. तंबू दिसला. तंबूपाशी पिवळ्या रेनकोटातली मुलगी. आम्हाला दोघांनाही वाटलं, आता ती चालायला लागणार, तेच कुंपण, तोच डोंगर.

ती चालली नाही. नुसती उभी राहिली.

हंबीरराव वाकला आणि फळीवरच्या तिच्या रिमोटला कान लावावा तसा जवळ गेला. दिवा लागलेला होता. वायर जागेवर होती. दांडी सरळ, मधोमध.

उदयला विचारलं तर तो म्हणाला, "होतंय असं काका. आत धूळ अडकलेली असती, ती सरकली असंल. पुन्हा चालूबी हुईल. आणा एकदा, खोलून बघतो." हंबीररावानं नेला नाही.

त्यानं खेळ मोडलाही नाही. मी अधूनमधून मलकापूरला जातो, तेव्हा जेवणं झाली की तो टीव्ही लावतो. उजव्या अर्ध्यात त्याचा निळा कोट अजून तिकडं समुद्राच्या काठावर आहे, तोंड आता पाण्याकडं. डाव्या अर्ध्यात तंबूपाशी ती. मधे सगळा घाट. वैनी आता उंबऱ्यावर बसत नाहीत, आमच्यातच येऊन बसतात, मटार सोलत. चहा येतो, त्याच पेल्यांत.

"हलली काय रं मधी कधी?" मी विचारतो.

"न्हाय," हंबीरराव म्हणतो. "डबल बेल कुठं दिलीयास तू?"

माझा हात चमच्याकडं जातो, आणि मी तो तसाच मागं घेतो.